आपल्या घरातील पितळी सर्प

(मननासाठी देवशब्द : गणना २१:४-९, २ राजे १८:१-४, योहान ३:१३-१७)



दर वर्षी १४ सप्टेंबरला आपण पवित्र क्रुसाच्या गौरवाचा सण साजरा करतो. त्या दिवशी मिस्सात पितळी सर्पाचे वाचन होते. कथा आपल्या ओळखीची आहे. मिसर देशाच्या गुलामगिरीतून सुटलेले इस्राएल लोक रानात चालून चालून थकले आणि अन्नपाण्यावरून देवाविरुद्ध व मोशेविरुद्ध कुरकुर करू लागले. विषारी सापांनी त्यांना दंश केला, पुष्कळ माणसे दगावली. लोकांना पश्चात्ताप झाला. मोशेने त्यांच्यासाठी विनवणी केली आणि देवाच्या सांगण्यावरून पितळेचा एक सर्प करून खांबावर उभारला. ज्याने त्याच्याकडे पाहिले, तो वाचला.

या कथेचा पुढचा भाग मात्र आपल्या कानांवर क्वचितच पडतो. तो राजांच्या दुसऱ्या पुस्तकात आहे. सुमारे पाचशे वर्षे लोटली. यहूदा देशात हिज्कीया नावाचा देवभीरू राजा गादीवर आला. त्याने पाहिले तर मोशेने केलेला तोच पितळी सर्प लोकांनी जपून ठेवला होता आणि ते त्याच्यापुढे धूप जाळत होते. हिज्कीयाने त्या सर्पाचे तुकडे तुकडे केले. लोक त्याला नेहुश्तान म्हणत. त्या नावात सर्पही आहे आणि पितळही. शेवटी ते पितळच होते.

आपण जरा थांबून विचार करू या. तो सर्प कोणी परक्या देशातून चोरून आणला नव्हता. तो देवाच्याच आज्ञेवरून, मोशेसारख्या महापुरुषाच्या हातून घडला होता. त्याच्याकडे पाहून आपल्या पूर्वजांचे प्राण वाचले, ही लोकांची आठवण खरी होती. वस्तू पवित्र, आठवण खरी, आणि तरीही ती मूर्ती झाली. कारण ज्याने वाचवले त्याचा विसर पडला आणि ज्याच्या द्वारे वाचलो ते हातात उरले. शलमोनाच्या ज्ञानग्रंथात (१६:७) हीच गोष्ट स्पष्ट केली आहे. सर्पाकडे पाहणारे लोक त्या दिसणाऱ्या वस्तूमुळे तरले नाहीत, सर्वांचा तारणारा जो परमेश्वर, त्याच्यामुळे तरले.

मूर्तिपूजा म्हटली की आपल्याला सोन्याचे वासरू आठवते. पण आपल्या घरात शिरणारी मूर्ती बहुधा सोन्याच्या वासरासारखी उघड दिसत नाही. ती पितळी सर्पासारखी असते. देवाने दिलेली एखादी चांगली वस्तू, चांगले नाते, चांगली सवय हळूहळू देवाच्या जागी जाऊन बसते आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

मग आपल्या चर्चमधील प्रतिमांचे काय?

हा प्रश्न आपल्याला अनेकदा विचारला जातो. आपली मुलेही तो विचारतात. "वेदीजवळ मरियामातेचा पुतळा आहे, घराघरांत येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर आहे, मग आपण मूर्तिपूजक नाही का?" याचे उत्तर आपल्याला ठाऊक असायला हवे. इ. स. ७८७ मध्ये निकेया येथे भरलेल्या धर्मसभेच्या सातव्या विश्वपरिषदेने या प्रश्नाचा निर्णय दिला. देवाचा पुत्र आपल्यासाठी मनुष्य झाला, त्याला चेहरा लाभला, म्हणून त्याची प्रतिमा काढता येते. प्रतिमेला दिलेला मान लाकडापाशी किंवा रंगापाशी थांबत नाही, ज्याची ती प्रतिमा आहे त्याच्याकडे जातो. आराधना मात्र एकट्या परमेश्वराचीच. मरियामातेचा व संतांचा आपण सन्मान करतो, त्यांची मध्यस्थी मागतो, त्यांची आराधना करत नाही.

तेव्हा चर्चमधील पुतळा ही अडचण नाही. प्रतिमा खिडकीसारखी आहे. खिडकीतून आपण पलीकडे पाहतो. पण त्याच खिडकीला आपण भिंत केली, पलीकडे पाहायचेच सोडून दिले, तर आपण पितळी सर्पापाशी येऊन पोहोचलो.

आणखी एक गोष्ट. हा विषय निघाला की आपले बोट चटकन शेजाऱ्याच्या देव्हाऱ्याकडे वळते. ते वळू नये. आपण पिढ्यान् पिढ्या हिंदू शेजाऱ्यांच्या सोबतीने राहत आलो आहोत, एकमेकांच्या सुखदुःखात उभे राहिलो आहोत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली इतर धर्मांविषयीच्या आपल्या घोषणापत्रात सांगितले, की त्या धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते धर्मसभा नाकारत नाही. आणि संत योहानाने मूर्तींपासून स्वतःला जपण्याचा इशारा दिला तो कोणाला? त्याच्या पहिल्या पत्राचा अगदी शेवटचा शब्द तो आहे (१ योहान ५:२१), आणि ते पत्र बाप्तिस्मा घेतलेल्या, विश्वास ठेवणाऱ्या, योहानाच्या लाडक्या लेकरांना लिहिलेले आहे. म्हणजे तुम्हांआम्हांला. कॅथलिक धर्मसभेचा धर्मशिक्षण ग्रंथही (क्र. २११३) हेच शिकवतो, की मूर्तिपूजा हा श्रद्धावंतांना सतत पडणारा मोह आहे. सत्ता, सुख, वंश, पूर्वज, राज्य, पैसा, जे जे देव नाही त्याला देवपण दिले, की ती मूर्तिपूजा झाली.

आता आपल्या घरात डोकावू या.

जमीन

आपल्या वसईतील कुटुंबांना वाडी ही देवाची देणगी होती. केळी, पानवेली, भाजीपाला, फुले. आपल्या वाडवडिलांनी बावखलाचे पाणी शिंपून ती वाडी जगवली आणि वाडीने त्यांना जगवले. जमिनीवर प्रेम करणे हे पाप नाही. पण गेल्या तीसचाळीस वर्षांत जमिनीला भाव आला आणि पुष्कळ घरांत जमिनीकडे पाहण्याची दृष्टी बदलली. बावखले बुजली, वाड्यांवर इमारती उभ्या राहिल्या. २०२४ साली प्रभूघरी गेलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईसाठी लढले, तेव्हा त्या लढ्यात झाडे आणि पाणी होतेच, पण माणसाचे मन कशाला विकले जाते हाही प्रश्न होता.

याहून मोठी हानी घराच्या आत झाली. दोन सख्खे भाऊ वाटणीवरून कोर्टात जातात. दावा दहा वर्षे, पंधरा वर्षे चालतो. आई मरते तेव्हा एक भाऊ पायथ्याशी आणि दुसरा अंगणात. मिस्सात शांतीची खूण द्यायची वेळ येते, तेव्हा दोघे उजवीकडच्या डावीकडच्या माणसाला हात जोडतात, पण मागच्या बाकावरील भावाकडे मान वळत नाही. मग दोघेही रांगेत उभे राहून ख्रिस्तशरीर स्वीकारतात.

लूकच्या शुभवर्तमानात (१२:१३-२१) असाच एक मनुष्य येशूकडे आला. आपल्या भावाला वतन वाटून द्यायला सांगा, अशी त्याची मागणी होती. आपल्या दृष्टीने अगदी न्यायाची मागणी! येशूने वाटणी करून दिली नाही. त्याने लोभापासून सावध केले आणि कोठारे मोठी करणाऱ्या, पण त्याच रात्री प्राण गमावणाऱ्या श्रीमंताचा दाखला सांगितला. न्याय मागू नये असे येशू म्हणत नाही. पण गुंठाभर जमिनीसाठी भाऊ देऊन टाकला असेल, तर त्या घरात पूजा कोणाची चालली आहे? संत पौल लोभाला थेट मूर्तिपूजा म्हणतो (कलस्सैकरांस ३:५), त्याचा अर्थ इथे उमगतो.

मुलांचे यश

मुले ही देवाची देणगी. त्यांनी शिकावे, पुढे जावे ही प्रत्येक आईबापाची इच्छा असते. आपले आजोबा वाडीत राबले म्हणून वडील शिकले, वडील लोकलच्या गर्दीत उभे राहून नोकरीला गेले म्हणून आपण शिकलो. या कष्टांचे मोल आहे. पण दहावीचे वर्ष आले की धर्मशिक्षणाचा वर्ग बंद, रविवारची मिस्सा बंद, घरातली संध्याकाळची जपमाळ बंद. कारण काय, तर क्लास आहे. आजारी आजीजवळ बसायला वेळ नाही, कारण परीक्षा आहे. मुलाला न बोलता कळते, की या घरात सर्वांत महत्त्वाचे काय आहे. निकालाच्या दिवशी चार गुण कमी पडले, तर तो घरी यायला घाबरतो.

स्तोत्रकर्ता सांगतो, की इस्राएल लोकांनी कनानी मूर्तींना आपले मुलगे आणि मुली बळी दिल्या (स्तोत्र १०६:३७-३८). ते वाचताना अंगावर काटा येतो. आपण सुरी उचलत नाही. पण मुलाची झोप, त्याचा खेळ, त्याची प्रार्थना आणि मनाची शांती हे सारे टक्केवारीपुढे ठेवणे हाही बळीच आहे. आपल्या लेकराला गुणपत्रिकेबाहेरही किंमत आहे, हे त्याला घरात ऐकू येते का?

लोक काय म्हणतील

आपल्याकडे लग्न म्हणजे साऱ्या आळीचा आनंद. येशूही काना गावच्या लग्नाला गेला, तिथे द्राक्षारस कमी पडला तर त्याने भागवला. आनंद करण्याला त्याची हरकत नाही. पण शेजारच्या घरी हजार पाने उठली म्हणून आपल्या घरी बाराशे उठली पाहिजेत, त्यांचा बँड आला म्हणून आपला डीजे आला पाहिजे, असे होते तेव्हा लग्नघराचे मालक कोण असतात? 'लोक'. त्या लोकांसाठी कर्ज काढले जाते, दागिने गहाण पडतात. आणि ते लोक दुसऱ्या दिवशी जेवणात काय कमी होते तेवढेच बोलतात! ही मूर्ती फार निष्ठुर आहे. तिला कितीही वाहिले तरी ती प्रसन्न होत नाही.

चर्चच्या बाबतीतही ही मूर्ती डोके वर काढते. शेजारच्या धर्मग्रामापेक्षा आपल्या सणाची रोषणाई मोठी हवी, देणगीच्या पाटीवर आपले नाव वर हवे, कमिटीत आपला शब्द चालायला हवा. यात आम्ही धर्मगुरूही येतो. व्यासपीठ, अधिकार आणि लोकांचा मान यांचा मोह झग्यामुळे कमी होत नाही. १७३९ साली चिमाजी आप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी वसईचा किल्ला जिंकला. किल्ल्यातील भव्य चर्चे पुढे ओस पडली, त्यांचे भग्न अवशेष आज आपण पाहतो. वसईच्या घंटांपैकी एक नाशिकच्या नारोशंकर मंदिरात आहे. पण घंटा गेली तरी विश्वास गेला नाही. आपल्या पूर्वजांनी तो जपला, म्हणून आज आपण या बाकांवर बसलो आहोत. दगड, घंटा, रोषणाई यांना त्यांच्या जागी ठेवायला हा इतिहास आपल्याला शिकवतो.

आपली भक्ती

हा मुद्दा नाजूक आहे. नोव्हेना, नवस, यात्रा, मेणबत्त्या यांनी आपल्या आयाबहिणींचा विश्वास पिढ्यान् पिढ्या जागता ठेवला आहे. सप्टेंबरमध्ये वांद्र्याच्या मोत मावलीच्या जत्रेला आपण जातो. तिथे हातापायांच्या, घराच्या, तान्ह्या बाळाच्या आकाराच्या मेणाच्या वस्तू वाहिल्या जातात. आजारी मुलासाठी मेणाचे बाळ घेऊन रांगेत उभी राहिलेली आई ही प्रार्थनाच करत असते. तिच्या अश्रूंना कोणी हसू नये.

पण सावध राहण्याची जागा इथेही आहे. नऊ बुधवारांतला एक चुकला तर सारे फुकट गेले, असे आपल्याला वाटते तेव्हा आपण देवाला बाप मानतो की हिशेबनीस? अमुक प्रार्थना अकरा जणांना पाठवा, नाहीतर वाईट बातमी येईल, असा संदेश मोबाइलवर आला की आपण घाबरून तो पुढे ढकलतो. तेव्हा आपली श्रद्धा कोणावर असते? गळ्यातले पदक घालून आपण निर्धास्तपणे खोटे बोलतो, तेव्हा त्या पदकाचे काय होते? ते ताईत होते. प्रार्थनेचे फळ केवळ बाहेरच्या कृतीला चिकटलेले आहे असे मानणे, ही धर्मशिक्षण ग्रंथाच्या शब्दांत अंधश्रद्धा ठरते (क्र. २१११). देवाला आपल्या मुठीत धरण्याचा तो प्रयत्न असतो. बाप देतो तेव्हाही बाप असतो, आणि नाही म्हणतो तेव्हाही बापच असतो. हे मान्य करता आले, की आपली नोव्हेना खिडकी होते.

मूर्ती ओळखावी कशी?

आपल्या हृदयात कोणता पितळी सर्प उभा आहे, हे दुसरा कोणी सांगू शकत नाही. या आठवड्यात रात्री झोपण्यापूर्वी आपण स्वतःला चार प्रश्न विचारू या.

पहिला, सकाळी डोळे उघडताच आणि रात्री मिटताना माझ्या मनात काय असते? आपले धन जिथे असते तिथे आपले मन असते, असे प्रभूने शिकवले आहे (मत्तय ६:२१).

दुसरा, कोणती गोष्ट गेली तर मला जगण्यात अर्थ उरणार नाही असे वाटते? दुःख होणे साहजिक आहे. पण ती गेल्यावर देवही उरला नाही असे वाटत असेल, तर तिची जागा तपासायला हवी.

तिसरा, कशासाठी मी खोटे बोलायला, नाते तोडायला किंवा रविवार सोडायला तयार होतो? प्रत्येक मूर्ती बळी मागते. आपण कोणता बळी देतो ते पाहिले, की मूर्ती सापडते.

चौथा, तिच्या सहवासात मी कसा होत चाललो आहे? मूर्तींना डोळे असून दिसत नाही, कान असून ऐकू येत नाही, आणि त्या घडवणारे त्यांच्यासारखेच होतात, असे स्तोत्र ११५ मध्ये म्हटले आहे. ज्याची पूजा करावी तसे आपण होतो. पैशाची पूजा करणारा पैशासारखा थंड होतो. मानाची पूजा करणाऱ्याला बायकोचे रडणे ऐकू येत नाही. जिवंत देवाची आराधना करणारा अधिक जिवंत, अधिक प्रेमळ होत जातो. ही पारख सहसा चुकत नाही.

मूर्ती हलवावी कशी?

हिज्कीयाने पितळी सर्प फोडला. आपण काय फोडणार? मुलांना, घराला, वाडीला फोडायचे नाही. त्यांना देवाच्या जागेवरून उतरवून पुन्हा देणगीच्या जागी ठेवायचे आहे. त्यासाठी धर्मसभेने आपल्याला जुनेच उपाय दिले आहेत.

रविवार पाळू या. घरात परीक्षा असो की पाहुणे, मिस्साचा एक तास आपल्या हाताबाहेरचा, देवाच्या मालकीचा राहू द्या. त्या एका तासात आपण साऱ्या मूर्तींना सांगतो, की तुमच्यावाचून जग चालते. दानधर्म करू या, आणि नाव न देता करू या. हातातून पैसा सोडता येतो तोवर पैसा आपला नोकर असतो. उपवास करू या, जिभेचा आणि मोबाइलचाही. प्रायश्चित्त संस्काराला जाताना नेहमीच्या चार पापांची यादी न वाचता, या पापांच्या मागे कोणता देव बसला आहे ते धर्मगुरूपुढे सांगू या. आणि ज्या घरात भावाभावांत अबोला आहे, त्यांनी वेदीकडे येण्यापूर्वी एकदा भावाच्या दारी जाऊन यावे. दान वेदीपाशी ठेवून आधी समेट करायला प्रभूने सांगितले आहे (मत्तय ५:२३-२४). कोर्टाचा निकाल लागायचा तेव्हा लागेल. बोलणे मात्र आज सुरू होऊ शकते.

बंधुभगिनींनो, निकदेमाशी बोलताना येशूने स्वतःला त्या पितळी सर्पाची उपमा दिली. मोशेने रानात सर्प उंच केला, तसे मनुष्याच्या पुत्रालाही उंच केले जाणार होते. क्रुसावरच्या येशूकडे पाहा. प्रत्येक मूर्ती आपल्याकडे बळी मागते. आपला देव मात्र आपल्यासाठी स्वतः बळी गेला. त्याला आपली मुले नकोत, आपली झोप नको, आपले भाऊ नकोत. त्याने ते सारे आपल्याला दिले आहे, आणि आपण त्याच्याकडे वळलो तर तो ते शुद्ध करून पुन्हा आपल्या ओंजळीत ठेवतो. विष उतरते ते त्याच्याकडे पाहिल्याने.

आज घरी गेल्यावर कुटुंबातील सर्वांनी क्रुसासमोर एकत्र येऊन ही लहानशी प्रार्थना करावी :

हे प्रभू येशू, तू आम्हांला घर दिलेस, अन्न दिलेस, मुलेबाळे दिलीस, आळी आणि शेजार दिलास. या देणग्यांत आम्ही तुला विसरलो असू, तर आमचे डोळे पुन्हा तुझ्याकडे वळव. आमच्या मनातील सिंहासनावर जे जे बसले आहे ते तू हळुवार हातांनी खाली उतरव. दुरावलेल्या भावाबहिणींना एकत्र आण. आम्हांला फक्त तुझी आराधना करायला शिकव, म्हणजे बाकी सर्वांवर आम्ही नीट प्रेम करू. आमेन.